औषध रुग्णाला, मग घराला काय?

जवळा बाजार हे हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातले बाजारपेठेचे गाव. हळद, सोयाबीन, कापूस घेऊन आसपासच्या खेड्यांतले शेतकरी इथे येतात. अशा गावातले किंवा शेजारच्या वाडीतले एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. बारावीपर्यंत बऱ्यापैकी शिकलेला मुलगा विसाव्या-बाविसाव्या वर्षी मित्रांत मिसळेनासा होतो. रात्र रात्र जागतो, एकटाच पुटपुटतो. शेजारी आपल्याविषयीच बोलतात, जेवणात कुणीतरी काही कालवते, असे तो ठामपणे सांगू लागतो. घरचे आधी रागावतात, मग घाबरतात. कुणी करणी म्हणते, कुणी भानामती. उतारे होतात, गंडेदोरे होतात, देवस्थानांच्या आणि दर्ग्यांच्या वाऱ्या होतात. यात वर्ष-दोन वर्षे निघून जातात. शेवटी कुणाच्या तरी सांगण्यावरून परभणी किंवा हिंगोलीचा दवाखाना गाठला जातो. गोळ्या सुरू होतात, काही आठवड्यांत कानातले आवाज कमी होतात, झोप लागू लागते. घर सुटकेचा श्वास टाकते आणि कुणीतरी जाणते माणूस सल्ला देते, "आता लग्न लावून द्या, आपोआप ठिकाणावर येईल."

हे चित्र कुणा एका घराचे नाही. ग्रामीण महाराष्ट्रात स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता, बहुतेक वेळा असाच उलगडतो. औषधाने पहिला झटका आटोक्यात येतो. पण पुढच्या वर्षभरात तो पुन्हा उलटणार की नाही, हे रुग्ण ज्या घरात परततो त्या घरातल्या रोजच्या बोलण्या-वागण्यावरही अवलंबून असते. वैद्यकशास्त्राला हे कळून अर्धशतक लोटले. सरकारी दवाखान्याच्या खिडकीपर्यंत मात्र ते अजून नीट पोहोचलेले नाही.

आकडे काय सांगतात

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे २ कोटी ४० लाख लोकांना स्किझोफ्रेनिया आहे, म्हणजे साधारण ३०० माणसांमागे एकाला. २०११ च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास होती. हेच प्रमाण धरले तर जिल्ह्यात साडेतीन ते चार हजार रुग्ण असावेत, आणि दहा हजार वस्तीच्या गावात तीस-एक. म्हणजेच तीस-एक घरे. हा केवळ गणिती अंदाज आहे, पण आजार दुर्मिळ नाही हे समजायला तो पुरेसा आहे.

बंगळूरच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. तीव्र मानसिक आजार असलेल्यांपैकी जवळपास तीन-चतुर्थांश लोक उपचारांविना असल्याचे तिच्यात आढळले. त्या पाहणीत घेतलेल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. तरी आपली स्थिती फार वेगळी असेल असे मानायला आधार नाही. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतले एकही आलेले नाही. त्यामुळे इथे रुग्णाचा वॉर्ड म्हणजे त्याचे घर, आणि परिचारिका म्हणजे त्याची आई, बायको किंवा बहीण.

या पार्श्वभूमीवर एक घडामोड महत्त्वाची आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत हिंगोलीचे महाविद्यालय होते. शेजारी परभणीचे त्याच्या आदल्या वर्षी सुरू झाले. वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की मानसोपचार विभाग ओघाने आलाच. वर्षानुवर्षे नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरची वाट धरणाऱ्या घरांसाठी ही मोठीच गोष्ट आहे. प्रश्न एवढाच की हा विभाग फक्त गोळ्या लिहून देणार, की रुग्णासोबत बाकावर बसलेल्या आई-वडिलांशीही बोलणार?

दोष आईचा नव्हता

कुटुंब आणि स्किझोफ्रेनिया यांचा संबंध सांगताना विज्ञानाने आधी मोठी चूक केली आहे, ती सांगितलीच पाहिजे. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमान या मनोविश्लेषक बाईंनी असा आजार घडवणाऱ्या आईची कल्पना मांडली. कोरडी, पण मुलावर सत्ता गाजवणारी आई मुलाला आजारी करते, असा तिचा आशय होता. पुढे १९५६ मध्ये ग्रेगरी बेटसन आणि सहकाऱ्यांनी घरातल्या परस्परविरोधी संदेशांमुळे मन दुभंगते, असा सिद्धान्त मांडला. यांपैकी कशालाच पुढे भक्कम पुरावा मिळाला नाही. तोवर आधीच खचलेल्या कित्येक आयांच्या माथी मात्र दोष लागला.

आज जे माहीत आहे ते असे. हा मेंदूचा आजार आहे. त्यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा आहे. सर्वसाधारण माणसाला आयुष्यात हा आजार होण्याची शक्यता एक टक्क्याच्या आसपास असते. आई-वडिलांपैकी एकाला किंवा सख्ख्या भावंडाला तो असेल तर ती दहा टक्क्यांच्या घरात जाते. पण एकसारख्या जुळ्यांतल्या एकाला आजार झाला तरी दुसऱ्याला तो होतोच असे नाही, म्हणजे सगळे काही जनुकांत नाही. गर्भावस्थेतील व प्रसूतीच्या वेळच्या अडचणी, गांजासारखी व्यसने, आयुष्यातले ताण यांचाही हातभार लागतो. संस्कार कमी पडले, लाड जास्त झाले, म्हणून स्किझोफ्रेनिया होत नाही. आजार सुरू होण्यात घराचा दोष नाही. तो पुन्हा उलटू नये यासाठी मात्र घर बरेच काही करू शकते. या दोन विधानांतला फरक समजला की अर्धी लढाई जिंकली.

लंडनमधले निरीक्षण

हा फरक पहिल्यांदा लंडनमध्ये लक्षात आला. १९५० च्या दशकात नवी औषधे आली आणि रुग्ण मनोरुग्णालयांतून घरी जाऊ लागले. जॉर्ज ब्राउन या समाजशास्त्रज्ञाला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. आई-वडिलांकडे किंवा पत्नीकडे परतलेले रुग्ण भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांपेक्षा जास्त प्रमाणात पुन्हा आजारी पडत होते. मग त्याने व सहकाऱ्यांनी नातेवाइकांच्या मुलाखती घेतल्या आणि काय बोलले जाते याबरोबरच कोणत्या सुरात बोलले जाते, हेही मोजले. सततची टीका, तिटकारा आणि जिवाला घोर लावणारी अतिकाळजी, या तीन गोष्टी ज्या घरांत जास्त होत्या, त्यांतल्या ५८ टक्के रुग्णांचा आजार नऊ महिन्यांत उलटला. ज्या घरांत त्या कमी होत्या, तिथे हे प्रमाण १६ टक्के होते. १९७२ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे अनेक देशांत त्याला दुजोरा मिळाला.

ही टीका नेमकी कशावर होते? बरेचदा भास-भ्रमांवर नव्हेच. कानात आवाज येतात, हे आजाराचे लक्षण आहे असे घरच्यांना पटते. पण मुलगा अंघोळ करत नाही, दहा वाजेपर्यंत अंथरुणात असतो, शेतात येत नाही, चार माणसांत बोलत नाही, हे मात्र त्यांना आळस किंवा मस्ती वाटते. मग सुरू होते: "खायला काळ अन् भुईला भार." प्रत्यक्षात उत्साह, इच्छा आणि बोलणे आटणे हीसुद्धा या आजाराचीच लक्षणे आहेत, आणि औषधांचा त्यांच्यावर परिणाम कमी होतो. काही वेळा गोळ्यांची गुंगीही त्यात भर घालते. पाय मोडलेल्या माणसाला "पळत का नाहीस?" असे कुणी विचारत नाही. इथे मोडलेले काही दिसत नाही, म्हणून रोज विचारले जाते.

दुसरे टोक अतिकाळजीचे. अठ्ठावीस वर्षांच्या मुलाला आई हाताने भरवते, त्याला एकट्याने दुकानापर्यंत जाऊ देत नाही, स्वतः कुठल्या लग्नकार्याला जात नाही. हे प्रेमच असते. पण त्यामुळे मुलाची उरलीसुरली उमेद झाकोळते आणि आईही झिजते.

घराला शिकवता येते

हे निरीक्षण नुसते दोष दाखवून थांबले असते तर जुन्या चुकीचीच पुनरावृत्ती झाली असती. तसे झाले नाही. १९८२ मध्ये जुलियन लेफ आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्येच २४ कुटुंबांवर प्रयोग केला. सगळ्या रुग्णांना औषधे चालू होती. त्यांतल्या निम्म्या कुटुंबांना आजाराची माहिती, इतर नातेवाइकांसोबत गटचर्चा आणि घरी भेटी, अशी जोड मिळाली. नऊ महिन्यांनंतर नुसत्या औषधांवर असलेल्या गटात निम्म्यांचा आजार उलटला होता. कुटुंबांसोबत काम झालेल्या गटात तो बारापैकी जेमतेम एकाचा उलटला. प्रयोग लहान होता, पण नंतरच्या अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावाही त्याच दिशेने जातो. कुटुंबासोबत काम केले तर आजार उलटण्याचे आणि भरती करावे लागण्याचे प्रमाण घटते, रुग्ण औषधे अधिक नियमित घेतो. म्हणूनच ब्रिटनच्या नाइस या मार्गदर्शक संस्थेने अशा कुटुंबांसाठी तीन महिने ते एक वर्ष या काळात किमान दहा बैठकांची शिफारस केली आहे.

या बैठकांत होते तरी काय? जादू काहीच नसते. आजार म्हणजे काय, औषध का आणि किती काळ, हे साध्या भाषेत सांगितले जाते. रुग्णालाही सोबत बसवले जाते, कारण चर्चा त्याच्याविषयी आहे. टीका करण्याऐवजी नेमकी विनंती कशी करायची याचा सराव होतो. "दिवसभर लोळतोस" याऐवजी "नऊ वाजता माझ्यासोबत जनावरांना पाणी पाजायला चल." पैसा, गोळ्या, टीव्हीचा आवाज अशा रोजच्या भांडणांतली एकेक निवडून तोडगा काढला जातो. आजार उलटण्याच्या खुणा लिहून ठेवल्या जातात: झोप उडणे, संशय वाढणे, जेवण टाळणे. या खुणा दिसल्या की भांडण न करता आठवड्याच्या आत दवाखाना गाठायचा. शेवटी, सांभाळणाऱ्याने स्वतःसाठी वेळ कसा काढायचा हेही त्यात ठरते.

आपल्या देशातली वाट

कुटुंबाला उपचारात सामावून घेणे ही काही परदेशातून आणायची गोष्ट नाही. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात खाटांपेक्षा रुग्ण जास्त होते. तिथले डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना रुग्णासोबत राहायला बोलावले. नातेवाईक आजार जवळून बघत, शिकत आणि माणूस बरा झाला की सोबत घेऊन जात. पुढे वेल्लोर आणि बंगळूर इथे हीच पद्धत रुजली.

१९८७ मध्ये चंडीगडचा अभ्यास प्रसिद्ध झाला. डॉ. नरेंद्र विग आणि लंडनच्या लेफ यांनी तिथल्या कुटुंबांचे मोजमाप केले, तेव्हा टीका आणि अतिकाळजी लंडनपेक्षा बरीच कमी आढळली, खेड्यांत तर आणखी कमी. भारतात या आजाराची वाटचाल पाश्चात्त्य देशांपेक्षा बरी असते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या अभ्यासांत दिसले होते. त्यामागे आपले एकत्र कुटुंब असावे, असा तर्क झाला. या तर्काने सुखावून जाण्यापूर्वी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, नंतरच्या संशोधकांनी हा निष्कर्ष इतका सरळ नसल्याचे दाखवले आहे. दोन, तेव्हाचे घर आणि आजचे घर यांत फरक पडला आहे. वाटण्या झाल्या, जमिनीचे तुकडे झाले, कर्ती मुले पुण्या-मुंबईला गेली. दहा माणसांत वाटला जाणारा भार आता एका म्हाताऱ्या आईवर येतो.

बायकांच्या बाबतीत तर घर हा आधार गृहीतच धरता येत नाही. आजारी नवऱ्याची सेवा बायकोने करावी ही अपेक्षा असते. बायको आजारी पडली की तिला माहेरी धाडले जाते. चेन्नईच्या स्कार्फ या संस्थेने अशा मोडलेल्या संसारांतल्या स्त्रियांचा अभ्यास केला, त्यात आजार आणि परित्यक्तेचे जिणे असा दुहेरी भार समोर आला. लग्न हा उपचार नाही. आजार लपवून लग्न लावले की पहिल्याच आठवड्यात गोळ्या लपवाव्या लागतात, मग त्या बंद होतात, आणि आजार उलटतो तेव्हा दोन घरे उद्ध्वस्त होतात.

महाराष्ट्रातही या कामाचा अनुभव आहे. पुण्यात १९९७ मध्ये स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापन झाली ती कॅनडात प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने. त्यांच्या पत्नीला हा आजार होता. रुग्णांच्या नातेवाइकांनी एकमेकांना भेटावे, बोलावे, हा या संस्थेच्या कामाचा गाभा. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा चित्रपट याच विषयावरचा. त्यात भावाला सांभाळणारी बहीण मराठी प्रेक्षकांनी पाहिली आहे.

शहराबाहेर काय शक्य आहे, याचे उत्तर सातारा जिल्ह्यातून मिळते. सातारा, गोवा आणि तामिळनाडू इथे मिळून एक प्रयोग झाला आणि २०१४ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. २८२ रुग्णांपैकी काहींना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना त्याशिवाय गावपातळीवरच्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांच्या घरभेटी मिळाल्या. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते. वर्षभरानंतर घरभेटी मिळालेल्यांची लक्षणे आणि अपंगत्व दुसऱ्या गटापेक्षा कमी झाले. फरक मोठा नव्हता आणि सगळीकडे सारखाही नव्हता. पण तज्ज्ञ नसलेल्या भागात शिकवलेला साधा माणूसही घराला आधार देऊ शकतो, एवढे त्यातून सिद्ध झाले.

कायदा घराला काय देतो

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि मे २०१८ पासून लागू आहे. रुग्णाला साखळदंड घालायला त्याने सक्त मनाई केली. या मनाईमागे ६ ऑगस्ट २००१ ची एरवाडीची आठवण आहे. तामिळनाडूतल्या त्या गावात साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले. आपण आजारी पडल्यास कोणते उपचार हवेत आणि आपल्या वतीने कोण निर्णय घेईल, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्कही कायद्याने रुग्णाला दिला. रुग्ण स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून, तपासणीनंतर, ३० दिवसांपर्यंत भरती करता येते. हा प्रतिनिधी बहुधा नातेवाईकच असतो.

रुग्णाचे हक्क मान्य झाले, हे योग्यच झाले. पण कायद्यातला नातेवाईक अर्ज करणारा, सही करणारा, घरी घेऊन जाणारा आहे. त्याला शिकवण्याची, थकल्यावर विसावा देण्याची जबाबदारी कुणाची, याचे उत्तर व्यवहारात मिळत नाही. कुटुंब स्वीकारत नाही म्हणून कुणाला रुग्णालयात डांबून ठेवता येणार नाही आणि अशांसाठी सरकारने समाजात राहण्याची सोय करावी, असे कायदा म्हणतो. हिंगोली-परभणीकडे अशी सोय शोधावी लागते. त्यामुळे "आमच्या माघारी याचं काय?" हा प्रत्येक आई-बापाचा प्रश्न अनुत्तरित राहतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळाले आणि उत्पन्नाची अट बसली तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज करता येतो. रक्कम मोठी नसते, पण घरात "फुकट खाणारा" ठरलेल्या माणसाच्या नावावर दरमहा काही जमा होऊ लागले की त्याच्याकडे बघण्याची नजर थोडी बदलते.

हिंगोलीत काय करता येईल

यासाठी नवी इमारत लागत नाही. शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी मराठवाड्यातील आठ आणि विदर्भातील सहा जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू झाला, त्यात हिंगोली आहे. संकटातले घर ओळखण्यासाठी आशा कार्यकर्त्यांना त्यात सामील करून घेतले गेले. तीच आशा स्किझोफ्रेनियाच्या घरीही महिन्यातून एकदा डोकावू शकते. गोळ्या चालू आहेत का, झोप कशी आहे, आईची तब्येत कशी आहे, हे तीन प्रश्न तिने विचारले तरी पुरे. त्या भेटीचा मोबदला मात्र तिला मिळाला पाहिजे.

दुसरे, औषध गावाजवळ मिळाले पाहिजे. रिस्पेरिडोन, ओलान्झापिन अशी औषधे आणि महिन्यातून एकदा घ्यायची इंजेक्शने प्राथमिक आरोग्य केंद्रात असली, तर जवळा बाजारच्या माणसाला दर महिन्याला मजुरी बुडवून जिल्ह्याचे गाव गाठावे लागणार नाही. औषध अचानक बंद झाल्यास आजार उलटण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो. घर कितीही शहाणे झाले तरी गोळीची जागा घेऊ शकत नाही.

तिसरे, नव्या मानसोपचार विभागाने महिन्यातला एक ठरलेला वार नातेवाइकांसाठी राखावा. पाच-सहा घरे एकत्र बसली तरी पुरे. आपल्यासारखेच दुसरे घर भेटले की लाज ओसरते, हा पुण्यापासून चेन्नईपर्यंतचा अनुभव आहे. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी त्या बैठकीत बसावे. अहवालात जसे बाह्यरुग्ण मोजले जातात, तशा या बैठकाही मोजल्या जाव्यात. जे मोजले जात नाही त्यासाठी सरकारी यंत्रणेत ना माणूस मिळतो, ना वेळ.

घरच्यांसाठी आजपासून करण्यासारख्या गोष्टीही आहेत. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. त्याचे भ्रम खोडून काढण्यासाठी वाद घालू नये आणि हो ला होही म्हणू नये. "तुला तसं वाटतंय, भीती वाटत असेल," एवढे म्हणावे. एका वेळी एकच काम सांगावे आणि ते झाले की तसे बोलून दाखवावे. देवाला जायचे असेल तर जावे, पण गोळ्यांची पुडी सोबत असू द्यावी. तो जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलू लागला तर ती पोकळ धमकी समजू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे, मराठीत बोलता येते, आणि तो रुग्णाइतकाच नातेवाइकांसाठीही आहे.

सांभाळणारी आई दवाखान्यात येते तेव्हा बहुतेक वेळा केसपेपर मुलाचा असतो. तिची झोप, तिचा रक्तदाब, तिचे रडणे यांची नोंद कुठेच होत नाही. हिंगोलीचा नवा विभाग उभा राहत असताना तिच्यासाठी एक खुर्ची आणि वीस मिनिटे ठेवायची की नाही, हे आत्ताच ठरवता येईल. एकदा रांगा लागल्या की मग त्यासाठी वेळ मिळत नाही.